गोळी चुकली होती का

१२ ऑक्टोबर

भुंग्या,

खुशाली विचारत नाही. तू ठणठणीत आहेस हे तुझ्या बायकोच्या आवाजावरूनच कळतं. नवरा खरंच आजारी असता तर "ते जरा बाहेर गेलेत, ताई" असं इतक्या सफाईने तिला म्हणता आलं नसतं. जेव्हा जेव्हा फोन केला तेव्हा तू बाहेर. एकदा तर मागे तुझं गुणगुणणं ऐकू येत होतं. ज्या सवयीपायी तुझं नाव भुंग्या पडलं, निदान ती तरी तेवढ्यापुरती आवरायचीस.

म्हणून पत्र लिहितेय. फोन मध्येच ठेवून देता येतो. पत्र फार तर फाडता येतं, आणि फाडायच्या आधी माणूस ते वाचतोच.

बाबांना परवा घरी आणलं. तुझ्या शहरापासून इथपर्यंत गाडी मीच चालवली. ते मागे उशीला टेकून बसले होते. वाटेत त्यांनी एकदाही तुझं नाव काढलं नाही, हे सांगून ठेवते.

आता विचारायचं ते विचारते. तुझ्याकडे असताना बाबांची ॲस्पिरिनची गोळी चुकली होती का? मध्ये काही दिवस बंद होती का? हो की नाही, एवढंच लिही. बाकी तुझं तत्त्वज्ञान मला नको.

का विचारतेय ते तुला ठाऊक आहे. तरी सगळं पहिल्यापासून सांगते, कारण तू सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतोस.

बाबा लिफ्टच्या कामावर होते तेव्हा अंग दुखतं म्हणून कोणीतरी त्यांना ही गोळी दिली होती. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत त्यांचे ओठ सुजले, घसा आवळला, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. बरोबरच्या मिस्त्रीने त्यांना खांद्यावर टाकून सगळे जिने उतरवले, कारण त्या इमारतीची लिफ्ट बाबांनीच खोलून ठेवली होती. आई ही गोष्ट सांगताना निम्मी हसायची आणि निम्मी रडायची. त्यानंतर आपल्या घरात त्या गोळीचं नाव शिवी दिल्यासारखं घेतलं जायचं.

मग गेल्या हिवाळ्यात बाबांना हृदयविकाराचा झटका आला. दोन स्टेंट घातले. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दोन गोळ्या लागतील, आणि त्यातली एक नेमकी हीच. त्यांनी ॲलर्जीच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाई म्हणाल्या, ही गोळी शरीराला हळूहळू सहन करायला लावता येते. अगदी कणभर पाण्यात विरघळवून द्यायची, थांबायचं, बघायचं, मग थोडी वाढवायची. धोका आहे, म्हणून अतिदक्षता विभागातच करायचं.

तू तेव्हा धावत आला होतास, हे मान्य. आणि आल्या आल्या त्या दाराशी तमाशा केलास. "ज्या गोळीने मरता मरता वाचले तीच पाजणार? माझ्या बापावर प्रयोग करताय?" अख्खा पॅसेज बघत होता. सही बाबांनी केली, खाली मी केली. तू पाय आपटत निघून गेलास.

आणि ते जमलं. संध्याकाळपर्यंत बाबांनी अख्खी गोळी पचवली. त्यानंतर इतके महिने रोज सकाळी खाल्ल्यावर घेतली आणि अंगावर साधा पुरळ उठला नाही. अट एकच होती. रोज. दोन दिवस चुकली तर परत आपल्या मनाने द्यायची नाही, आधी फोन करायचा. बाबांना तुझ्याकडे सोडलं तेव्हा मी हे तुला दारात सांगितलं. गाडीत बसल्यावर काच खाली करून सांगितलं. घरी पोचल्यावर फोन करून सांगितलं. तू म्हणालास, "ताई, मी काही तुझा शिकाऊ ड्रायव्हर नाही."

आणि मी त्यांना न्यायला निघणार त्याच सकाळी तुझा फोन आला, बाबांना श्वास घेता येत नाही म्हणून.

मी पोचले तेव्हा त्यांच्या तोंडावर मास्क होता. ओठ ओळखू येत नव्हते. आणि तू कागदी कपातली कॉफी फुंकत भिंतीला टेकून उभा होतास. मला बघून काय म्हणालास ते आठवतं? "मी तेव्हाच सांगत होतो."

तुमच्या तिथल्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं आहे की ही गोळी पुन्हा कधीही देऊ नये. गोळी चालू असताना असं झालं म्हणून. हे त्यांना सांगणारा तू.

अजून एक. बाबांची खालची एक दाढ गायब आहे. विचारलं तर म्हणतात, "पडली." दाढ काय कुंडी आहे, पडायला? कोणी काढली, कधी काढली, आणि मला का सांगितलं नाहीस?

ताई

२० ऑक्टोबर

भुंग्या,

तुझा निरोप मिळाला. "रोज दिली. दाढ दुखत होती म्हणून काढली. विषय संपव." पत्राला उत्तर म्हणून मोबाइलवर तीन वाक्यं. शाळेतल्या मुलांना वही तपासून देतोस तेव्हा शेरा तरी याहून मोठा लिहीत असशील.

तुझा निरोप वाचला आणि गाडीच्या पुढच्या शिकवणीला बसले. बँकेतली एक बाई आहे, गाडी बरी चालवते. सरळ, रिकामा रस्ता होता आणि मी माझ्या बाजूचा ब्रेक असा दाबला की दोघी पुढे आपटलो. ती म्हणाली, "मॅडम, समोर कोण होतं?" कोणी नव्हतं.

विषय संपलेला नाही. काल मी एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. त्यांनी मला समोर बसवून जे सांगितलं ते तुझ्यासाठी त्यांच्याच शब्दांत लिहिते. विज्ञान शिकवतोस, कळेल तुला.

त्या म्हणाल्या, "ॲलर्जी बरी झालेली नाही, हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. गोळी रोज पोटात जाते तोवर शरीर गप्प बसतं. काही दिवसांची फट पडली की ते सगळं विसरतं, आणि मग अख्खी गोळी दिली तर पहिल्यासारखंच उसळतं. तसं झालं असेल तर मी पुन्हा पहिल्यापासून, कणाकणाने सुरू करू शकते. पण रोज घेत असतानाच हे झालं असेल, तर गोष्ट वेगळी. मग शरीराने दाद देणं सोडलंय, आणि पुन्हा प्रयत्न करणं म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळणं. ते मी करणार नाही."

मी विचारलं, या गोळीशिवाय चालणार नाही का? म्हणाल्या, "दुसरे मार्ग आहेत, पण तुमच्या वडिलांसाठी सगळे लंगडे आहेत. सध्या एका गोळीवर चाललंय. स्टेंटला अजून वर्ष झालेलं नाही. हृदयाच्या डॉक्टरांना झोप येत नाहीये."

मी म्हणाले, मग करून टाका. त्या चिडल्या. पहिल्यांदाच चिडलेल्या बघितलं त्यांना. "हे करताना माणूस दगावू शकतो, बाई. फायदा धोक्याहून मोठा आहे अशी माझी खात्री पटल्याशिवाय मी हात लावत नाही. कातडी सोलवटणारी ॲलर्जी असती तर मागच्या वेळीसुद्धा नाही म्हटलं असतं. मला खरं काय झालं ते कळू द्या. अंदाजावर मी हे करत नाही."

कळलं? तुझ्या त्या "रोज दिली"वर सगळं अडकलंय. ते खरं असेल तर बाबांचा हा रस्ता बंद झाला, मी गप्प बसेन आणि तुझी माफीही मागेन. पण खोटं असेल, तर तू आधी चूक केलीस, मग त्या चुकीचाच पुरावा करून माझ्या तोंडावर मारलास, की बघ, मी तेव्हाच सांगत होतो. असा विचार मनात आला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो आणि मग मला वाटतं, नाही, इतका खालच्या पातळीचा नाही तो.

मला घाबरतोस हे मला माहीत आहे. घाबर, माझी हरकत नाही. लहानपणी दिवा फोडलास तेव्हाही मलाच घाबरून माळ्यावर चढून बसला होतास. पण आता तू केस पांढरे झालेला माणूस आहेस आणि हा दिवा नाही.

बाबा जिना चढताना मध्ये थांबतात आणि मला दिसू नये म्हणून बूट नीट करण्याचं सोंग करतात. हल्ली त्यांच्या बुटाला नाडीही नाही.

ताई

३ नोव्हेंबर

भुंग्या,

आता तुला विचारणार नाही. कळलं मला.

परवा बाबांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी बाबांना सरळ विचारलं, "मुलाकडे असताना गोळी कधी चुकली होती?"

बाबा म्हणाले, "नाही. रोज घेत होतो."

"दाढ काढल्यावरसुद्धा?"

"हो."

"रक्त किती दिवस येत होतं?"

"आठवत नाही."

भुंग्या, या माणसाला चाळीस वर्षांपूर्वी बसवलेल्या लिफ्टचा दोर किती जाडीचा होता ते आठवतं. कोणत्या इमारतीतला कोणता दरवाजा ओढून घ्यावा लागतो ते आठवतं. आणि महिनाभरापूर्वी आपल्याच तोंडातून रक्त किती दिवस येत होतं ते आठवत नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. बाईंनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, "मग मला काही करता येणार नाही, काका. मला वाईट वाटतं."

बाबा म्हणाले, "तुम्ही कशाला वाईट वाटून घेता?" जणू त्यांनीच बाईंचं सांत्वन करायला वेळ घेतली होती.

गाडीत बसलो. मी चावी लावली आणि फिरवलीच नाही. दवाखान्याच्या आवारात लोक हॉर्न वाजवत होते, त्यांना वाट हवी होती. मी म्हणाले, "बाबा, त्याने गोळी बंद केली होती ना?"

ते म्हणाले, "गाडी बाजूला घे. लोक खोळंबलेत."

"लोक गेले खड्ड्यात. बंद केली होती ना?"

एक माणूस येऊन काचेवर टकटक करून गेला. शेवटी बाबा म्हणाले, "मुद्दाम नाही केली त्याने. रक्त बघून घाबरला. तू त्याला उभा जाळशील म्हणून मी बोललो नाही."

मी म्हणाले, "मग आता आत चला आणि बाईंना सांगा."

तर म्हणाले, "नको. कागदावर येईल. उद्या मला काही झालं तर तो कागद घेऊन बसेल तो जन्मभर. माझं काय, झालं माझं सगळं. त्याला जगायचंय अजून."

ऐकतोयस? तुझ्यावर बोल येऊ नये म्हणून बाबा मरायला तयार आहेत. आणि हे ते मला सांगतात, माझ्याच गाडीत बसून, मीच आणलेल्या पाण्याच्या बाटलीतून घोट घेत. मी इतके महिने रोज सकाळी हातावर गोळी ठेवली, ते माझं काम. तू ती बंद केलीस, ते तुझं घाबरणं, आणि त्या घाबरण्याला जपायचं. मी म्हणाले, "आणि मी? तुम्ही गेलात तर मी काय घेऊन बसायचं?" ते म्हणाले, "तू खंबीर आहेस." मला त्या शब्दाची इतकी चीड आली की मी गाडी तिथेच सोडून खाली उतरले आणि दवाखान्याच्या भिंतीशी जाऊन उभी राहिले. मग हॉर्न वाढले, परत येऊन बसले. दुसरं कोण चालवणार होतं?

आधी लिहिलं होतं की बाबा तुझं नाव काढत नाहीत. काढतात. रोज संध्याकाळी विचारतात, भुंग्याचा फोन आला का. मी नाही म्हणते. तुला ते कळू द्यायचं नव्हतं, आता द्यायचंय.

बाईंना मी जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, एवढ्याने भागत नाही. गोळी कधी थांबवली, किती दिवस बंद होती, परत दिली ती अख्खी की अर्धी, बरोबर दुसरं कसलं औषध होतं, आणि दिल्यानंतर किती वेळाने ओठ सुजले. दाढेपायी बाबा तापात होते, त्यांना यातलं निम्मं ठाऊक नाही. हे सगळं एकाच माणसाला माहीत आहे.

बाईंचा नंबर खाली देते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या स्वतः फोन उचलतात. मला फोन करू नकोस. माफी मागू नकोस. मला तुझी माफी ऐकायची नाहीये, माझ्याकडे ती ठेवायला सध्या जागा नाही. फक्त त्यांना सांग. बाबांना कळणार नाही अशी व्यवस्था त्या करतील, मी बोलले आहे.

आणि यावेळी तोंड शिवून बसलास, भुंग्या, तर मला भाऊ नाही असं समजून मी पुढचं आयुष्य काढेन. हे रागात लिहितेय, पण राग उतरल्यावरही तसंच राहील.

ताई

१६ नोव्हेंबर

भुंग्या,

तू फोन केलास. बाईंनी सांगितलं. "तुमचा भाऊ बराच वेळ बोलला," म्हणाल्या. "मधे मधे थांबत होता, पण सगळं बोलला." तुझी परवानगी घेऊनच त्यांनी मला ते सांगितलं, असंही म्हणाल्या. ती दिलीस, म्हणून हे पत्र.

तर असं झालं. दाताच्या डॉक्टरने तुला गोळी चालूच ठेवा म्हणून बजावलं होतं. कापूस दाबून धरा, थांबेल. पण उशी रक्ताने भिजली, बाबा भ्यायले, आणि तू त्यांच्याहून जास्त भ्यायलास. गोळी बंद केलीस. इथवर मला समजतं. मीही कदाचित भ्यायले असते. पण रक्त थांबल्यावरही तू ती सुरू केली नाहीस, कारण बाबा बरे दिसत होते आणि तुला वाटलं, बघा, गोळीवाचून चाललंय की. आणि मी न्यायला येणार त्या सकाळी, मला कळू नये म्हणून, अख्खी गोळी त्यांच्या हातावर ठेवलीस. बाबांनी ती घेतली. त्यांनाही माहीत होतं की मध्ये फट पडलीय. तरी घेतली, कारण तू दिलीस.

हे मी शंभरदा वाचल्यासारखं मनात वाचलंय आणि दर वेळी वेगळ्या जागी राग येतो.

शुक्रवारी पुन्हा केलं. तोच वॉर्ड, तोच पलंग खिडकीजवळचा. बाबांच्या दोन्ही हातांना सुया, बोटाला चिमटा, उशाशी यंत्र. ट्रेमध्ये इंजेक्शनं भरून तयार ठेवली होती, वेळ आली तर शोधायला लागू नयेत म्हणून. मला स्टुलावर बसायची परवानगी दिली, मध्ये बोलायचं नाही या अटीवर. सुरुवातीला कपाच्या तळाशी पाणी, त्यात गोळीचा कण. नर्स म्हणाली, "काका, चहा समजून घ्या." बाबा म्हणाले, "असा चहा दिला असता तर मी कामावरच गेलो नसतो."

दुपारपर्यंत छान चाललं होतं. मग बाबांनी मान खाजवली. मी बघितलं, गळ्यावर लाल गांधी उठल्या होत्या. नर्सला सांगेपर्यंत त्या छातीवर उतरल्या आणि बाबांचा श्वास वाजायला लागला. ती शिट्टी. आईने सांगितलेली. मला उठवून बाजूला केलं. पडदा ओढला.

त्या पडद्याबाहेर उभी असताना मला काय वाटलं ते तुलाच सांगते, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. मला वाटलं, भुंग्या बरोबर होता. पहिल्यापासून तोच बरोबर होता आणि सही करून मी बापाला मारलं. त्या वेळात मला तुझा जितका राग आला तितका अख्ख्या महिन्यात आला नव्हता, कारण तू बरोबर ठरत होतास.

इंजेक्शन दिलं. श्वास मोकळा झाला. पडदा उघडला तेव्हा बाबा घामाने निथळत होते पण डोळे उघडे. डॉक्टरीणबाई त्यांच्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "काका, इथे थांबता येईल. कोणी तुम्हाला नावं ठेवणार नाही. किंवा बराच वेळ जाऊ देऊ, आणि जमतंय असं वाटलं तर पुढे जाऊ. पण मी वचन देत नाही."

बाबांचा आवाज बसला होता. म्हणाले, "लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, तर आम्ही आधी थोडी खाली घ्यायचो. मग वर."

बाई म्हणाल्या, "मीही तेच करणार आहे. खालच्या मात्रेपासून पुन्हा."

"मग करा."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला बोलायची मनाई होती, म्हणून मी नुसती मान हलवली. ती मान हलवायला किती जड होती, हे तुला कळायला हवं होतं. तू तिथे असायला हवं होतंस. फोनवर बाईंशी बोलून तू तुझं ओझं उतरवलंस. त्या स्टुलावर मी एकटी होते.

दिवेलागणीची वेळ झाली तेव्हा त्यांनी शेवटचा डोस घेतला. मग रात्रभर त्यांना तिथेच ठेवलं. काही झालं नाही. दुसऱ्या सकाळी नर्सने अख्खी गोळी दिली आणि बाबांनी ती गिळून जीभ बाहेर काढून दाखवली, शाळेतल्या पोरासारखी. मी हसले आणि मग मला बाहेर जावं लागलं.

तर गोळी चालू झाली आहे. रोजची. जन्मभराची. आणि बाई जाताना मला म्हणाल्या, "तुम्ही आजारी पडलात तर कोण देणार?" मी म्हणाले, "मी पडत नाही." त्या म्हणाल्या, "हे उत्तर नाही."

खरंच नाही. मी माणूस आहे. माझी पाठ दुखते, दिवसभर बाजूच्या सीटवर बसून डोळ्यांत तेल घालून बघायचं, संध्याकाळी घर. मी कुठे पडले, धडपडले, तर फट पडेल आणि पुन्हा सगळं तेच. मला दुसरा माणूस हवाय, आणि दुसरा माणूस तूच आहेस. याचा मला किती संताप येतो, सांगता येत नाही.

दिवाळखोरासारखं तोंड लपवून बसू नकोस. शाळेला रजा टाक आणि ये. बाबांसमोर उभा राहा. त्यांना काय सांगायचं ते तूच ठरव, मी मध्ये पडणार नाही. आणि गोळी कशी द्यायची ते माझ्यासमोर शिकून घे, मला येतं तसं, पुन्हा पुन्हा करून. यावेळी तू माझा शिकाऊच आहेस.

ताई

२४ नोव्हेंबर, सकाळ

भुंग्या,

तू झोपलायस, उठवलं नाही. काल आलास तेव्हा दारात मी एक शब्द बोलले नाही, ते मुद्दाम. तोंड उघडलं असतं तर शेजारपाजारचे गोळा झाले असते. हे कागदावरच बरं.

बाबांच्या खोलीतून तुमचा आवाज बराच वेळ येत होता. तू काय सांगितलंस मी ऐकलं नाही. रेडिओ मोठा करून ठेवला होता. नंतर बाबा हसलेले ऐकू आले. मग तुझं रडणं. मग परत बाबांचंच हसणं. मला वाटलं होतं, तुला रडताना ऐकून बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

माझी पहिली शिकवणी लवकरची आहे, मला निघायला हवं. तुला सगळं सांगितलंय, तरी लिहिते. आधी त्यांना काहीतरी खाऊ घाल, दोन टोस्ट आणि अंडं पुरे. मग गोळी. भरपूर पाणी. मग समोर बसून राहायचं, उठून जायचं नाही. ओठ, गळा, श्वास बघायचा. बोलत राहायचं, कारण बोलणाऱ्या माणसाचा श्वास कळतो. काही वाटलं तर इंजेक्शन फ्रिजच्या वरच्या कप्प्यात नाही, बाहेर, बाबांच्या उशाशी डब्यात आहे. मांडीला द्यायचं, कालच दाखवलं. मग दवाखान्याची गाडी बोलवायची, मग मला फोन. या क्रमाने.

मी अजून चिडलेली आहे. ते इतक्यात जाणार नाही, त्याची वाट बघत बसू नकोस. तू माझ्याशी खोटं बोललास ते एक वेळ सोडेन, पण बाबांना माझ्याशी खोटं बोलायला लावलंस ते नाही.

आणि हे बघ. मघाशी मीच टोस्ट-अंडं आणि गोळी घेऊन गेले होते. म्हटलं, पहिल्या दिवशी राहू दे, तू दमलायस. त्यांनी तोंड मिटून घेतलं. इतके महिने माझ्या हातची घेणारा माणूस. म्हणाले, "राहू दे. तो उठेल आणि देईल." मी म्हणाले, "बाबा, वेळ टळेल." तर म्हणाले, "मग त्याला उठव."

माझ्याने उठवलं जात नाही. कागद तुझ्या चष्म्याखाली ठेवतेय आणि जाताना दार मुद्दाम आपटणार आहे. ते पलंगावर बसून आहेत, बशी आणि गोळी समोर, पाण्याचा ग्लास भरलेला.

ऊठ.